बोरूच्या शाईपासून बंदिस्त विजेपर्यंत : एका जुन्या संगणकाच्या निमित्ताने

पारोळ्यातल्या आमच्या घरात, माजघराला लागून असलेल्या खोलीत, २००९ साली घेतलेला एक संगणक आहे. धुळ्याच्या एका दुकानात सुटे भाग निवडून तो जुळवून घेतला होता. मी तेव्हा शाळेत मराठी आणि इतिहास शिकवत होतो, निवृत्तीला दोन वर्षे उरली होती आणि मोडी वाचनाचा नाद लागून बराच काळ लोटला होता. तालुक्यातल्या ओळखीच्या घरांतून, वाड्यांच्या माळ्यांवरून, कधी देव्हाऱ्यामागच्या फडताळातून निघालेले कागद मी वाचून देत असे. खरेदीखते, कर्जरोखे, वाटण्या, विहिरीच्या पाळ्यांचे तंटे, लग्नाच्या याद्या. मालकाला कागद परत द्यायचा आणि देवनागरी लिप्यंतर आपल्याकडे ठेवायचे, असा रिवाज. त्या संगणकात अशी सुमारे १,४०० लिप्यंतरे साठली होती.

गेल्या वैशाखात हा संगणक सुरू केला की आतून टक् टक् असा आवाज येऊ लागला. चालू व्हायला पाच-सहा मिनिटे लागत. एखादी फाइल उघडायला सांगून मी चहा घेऊन येई, तरी पडद्यावरचे घड्याळ फिरतच असे. जळगावहून आलेल्या भाच्याने खोक्याला कान लावला आणि म्हणाला, "मामा, हाई आते जास्त दिन चालनार नही." नवा संगणक घ्या, असे म्हणणे सोपे होते. पण तसे करता येत नव्हते. त्याचे कारण सांगताना या सगळ्या साठवणुकीचा इतिहासच सांगावा लागतो. म्हणून हा लेख.

१. कुलूप आणि किल्ली

माझी लिप्यंतरे ज्या मराठी अक्षरजुळणीच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेली आहेत, ते संगणकाच्या पाठीमागे २५ टाचण्यांच्या जुन्या पोर्टला एक डबी जोडली असेल तरच चालते. नक्कल होऊ नये म्हणून बसवलेले ते कुलूप. नव्या संगणकांना तो पोर्टच नसतो आणि ते सॉफ्टवेअर विंडोज एक्सपीच्या पुढे जात नाही.

दुसरी अडचण लिपीची. त्या काळातल्या बहुतेक मराठी फॉन्टांनी इंग्रजी अक्षरांसाठी ठरलेल्या क्रमांकांवर मराठी अक्षरांचे आकार बसवले होते. फाइलमध्ये साठलेला क्रमांक एखाद्या इंग्रजी अक्षराचा. तो फॉन्ट असला की 'क' दिसतो, नसला की अर्थहीन खुणांची रांग. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे प्रमाण १९९१ साली ठरले, युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षी आली आणि तिच्यात देवनागरी होती. पण तालुक्याच्या छापखान्यांपर्यंत आणि माझ्यासारख्यांपर्यंत ते पोहोचायला दीड-दोन दशके गेली. गंमत अशी की ज्या मोडीतून मी ही लिप्यंतरे केली, त्या मोडीलाही २०१४ साली युनिकोडमध्ये स्वतःचे क्रमांक मिळाले. माझी देवनागरी मात्र अजून त्या डबीत अडकलेली होती.

म्हणजे जुना संगणक जगवणे भागच होते. त्याचा प्रोसेसर ठीक होता, मेमरी कामापुरती होती. मरत होती ती फक्त हार्ड डिस्क. तिच्या जागी एसएसडी, म्हणजे हलता भाग नसलेली साठवण, बसवायची असे ठरले.

२. फिरती तबकडी

पहिली हार्ड डिस्क आयबीएमने १९५६ साली बाजारात आणली. रॅमॅक नावाच्या संगणकाचा ती भाग होती. २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या एका उभ्या दांड्यावर मिनिटाला १,२०० फेरे घेत. वजन टनाहून अधिक, क्षमता ५० लाख अक्षरांची. माझा एक कागद सरासरी दीड हजार अक्षरांचा धरला तर सगळी १,४०० लिप्यंतरे तिच्यात मावून निम्म्याहून जास्त जागा उरली असती. अर्थात ते कपाट पारोळ्याला आणायला मालमोटार लागली असती.

तत्त्व आजही तेच आहे. तबकडीवर चुंबकीय लेप, त्यावर अगदी जवळून तरंगणारे वाचक डोके, आणि डोके योग्य वर्तुळावर नेणारा हात. माझी डिस्क मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी होती, म्हणजे सेकंदाला १२०. एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद लागतात. हवा असलेला मजकूर डोक्याखाली येण्याची वाट सरासरी अर्धा फेरा पाहावी लागते आणि त्याआधी हात हलवायला आणखी आठ-नऊ मिलिसेकंद जातात. असे एकेक वाचन सुमारे १३ मिलिसेकंदांचे झाले. सेकंदाला ७५ वाचने. संगणक सुरू होताना हजारो बारीक फाइली विखुरलेल्या जागांवरून वाचतो, तेव्हा प्रोसेसर कितीही चपळ असला तरी त्याला ताटकळावेच लागते. एसएसडीला हेच वाचन करायला साधारण ०.१ मिलिसेकंद पुरतो. जुन्या संगणकात एसएसडी बसवल्यावर तो तरुण झाल्यासारखा वाटतो, त्याचे रहस्य एवढेच. त्याची विचार करण्याची गती बदलत नाही, वाट पाहणे संपते.

३. मुंबईतली मण्यांची जाळी आणि अमळनेरचे तूप

हलता भाग नसलेली आणि वीज गेली तरी मजकूर न विसरणारी स्मृती ही कल्पना मात्र एसएसडीच्या खूप आधीची आहे. तिचे एक उदाहरण आपल्या मुंबईतलेच. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने बांधलेला टिफ्रॅक हा संगणक १९६० साली कार्यान्वित झाला. त्याची स्मृती फेराइटच्या बारीक कड्यांची होती. तारांच्या जाळीत ओवलेले मणीच म्हणा. एकेक कडे एका किंवा दुसऱ्या दिशेने चुंबकित होई आणि एक बिट धरून ठेवी. एकूण २,०४८ शब्द, प्रत्येक शब्द ४० बिटांचा. हिशेब केला तर सुमारे १० हजार अक्षरांची जागा, म्हणजे माझे सहा कागद. त्यावर देशातल्या वैज्ञानिकांनी गणिते सोडवली.

संगणकाच्या इतिहासातला दुसरा धागा तर आमच्या शेजारच्या अमळनेरचा आहे. साने गुरुजी जिथे शिक्षक होते आणि जिथे प्रताप तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले, त्याच गावात महंमद हुसेन प्रेमजी यांनी २९ डिसेंबर १९४५ रोजी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी स्थापन केली. वनस्पती तूप आणि साबण हा तिचा व्यवसाय. १९६६ साली वडिलांच्या निधनानंतर अझीम प्रेमजी परत आले. १९७०च्या दशकाच्या अखेरीस आयबीएमने भारतातला व्यवसाय आवरला. ती पोकळी भरायला जे देशी उद्योग पुढे सरसावले, त्यांत १९८०च्या दशकाच्या आरंभी ही तुपाची कंपनीही होती. नावाची आद्याक्षरे जुळवून झालेले विप्रो हे नाव आज जग ओळखते. तुपाच्या डब्यांची आठवण सांगणारी माणसे अमळनेरला भेटतात. खानदेशात संगणक बाहेरून आला असे आपण म्हणतो, पण त्याची एक वाट इथूनच निघाली होती.

४. पेवात कोंडलेली वीज

एसएसडीचे बीज १९६७ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत पडले. डॉन कांग आणि सायमन झी या दोघांनी अशी एक रचना मांडली की तिच्यात धातूची एक बारीक कुपी चहूबाजूंनी विद्युतरोधक थराने वेढलेली असेल आणि तिच्यात शिरलेला विद्युतभार आतच अडकून राहील. आमच्याकडे पूर्वी ज्वारी-बाजरी पेवात भरून तोंड लिंपून टाकत, तसाच हा प्रकार. कुपीत इलेक्ट्रॉन कोंडलेले आहेत की नाहीत, यावरून शून्य की एक ते ठरते. वीज तोडली तरी पेवातले धान्य जागेवरच.

जपानमध्ये तोशिबा कंपनीतले फुजिओ मासुओका यांनी या तत्त्वावरची फ्लॅश स्मृती १९८४ साली जगापुढे मांडली आणि आज जी सर्वत्र वापरात आहे ती नँड पद्धती १९८७ साली. फ्लॅश हे नाव त्यांचे सहकारी शोजी आरिइझुमी यांनी सुचवले. एका झटक्यात मोठा भाग पुसला जातो, त्यावरून त्यांना कॅमेऱ्याचा फ्लॅश आठवला. आमच्या आजोबांच्या पिढीला धूळपाटी आठवली असती. एकच अक्षर पुसायचे असले तरी फ्लॅशमध्ये सबंध गठ्ठा पुसावा लागतो. कानपूरमध्ये जन्मलेले संजय मेहरोत्रा, एली हरारी आणि जॅक युआन यांनी १९८८ साली पुढे सॅनडिस्क नावाने गाजलेली कंपनी काढली. तिने १९९१ साली केलेली २० मेगाबाइटची एसएसडी सुमारे १,००० डॉलरला पडत असे. माझ्या भाच्याने आणलेली २४० गिगाबाइटची दोन हजार रुपयांच्या आसपास पडली.

पण पेवाचे तोंड दर वेळी उकरले आणि लिंपले की कडा ढिसूळ होतात. फ्लॅशचेही तसेच आहे. पुसून लिहिण्याच्या प्रत्येक खेपेला तो रोधक थर थोडा झिजतो. एका कुपीत एकच बिट ठेवले तर लाखभर खेपा सोसतात. जागा वाचवण्यासाठी एकीत तीन बिट कोंबले की ही संख्या काही हजारांच्या घरात येते. म्हणून एसएसडीतली नियंत्रक चिप झीज सगळीकडे सारखी वाटते आणि कोणता मजकूर सध्या कुठल्या कुपीत आहे याची वही स्वतःजवळ ठेवते.

५. खोके उघडले

कामाची पहिली पायरी एसएसडी बसवण्याची नव्हती, आजारी डिस्कवरचे जे वाचेल ते वाचवण्याची होती. भाच्याने तिच्यावरून विंडोज सुरू करणेच बंद केले. पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू करून त्यातल्या डीडीरेस्क्यू या साधनाने डिस्कची नक्कल एका नव्या बाहेरच्या डिस्कवर घ्यायला सुरुवात केली. त्याची रीत शहाणपणाची आहे. जे नीट वाचता येते ते आधी घ्यायचे, अडले तिथे खूण करून पुढे जायचे, आणि सगळे झाल्यावर अडलेल्या जागांकडे पुन्हा पुन्हा वळायचे. फाटका मोडी कागद वाचताना मी नेमके हेच करतो. रात्रभर टक् टक् चालू होते. इन्व्हर्टरवर भार नको म्हणून पंखा सोडून घरातले बाकी सगळे बंद ठेवले.

नक्कल झाल्यावर ती एसएसडीवर चढवायची. इथे एक जुनी खोड आडवी आली. विंडोज एक्सपी डिस्कचा पहिला विभाग ६३व्या सेक्टरपासून सुरू करते. एक सेक्टर ५१२ बाइटांचा, म्हणजे सुरुवात ३२,२५६व्या बाइटला. फ्लॅशचे व्यवहार ४,०९६ किंवा त्याच्या पटीतल्या बाइटांच्या तुकड्यांत होतात आणि ३२,२५६ ला ४,०९६ ने निःशेष भाग जात नाही. तसेच ठेवले तर सीमेवर येणाऱ्या प्रत्येक लेखनासाठी एकाऐवजी दोन तुकडे हलतात, वेगही जातो आणि झीजही वाढते. म्हणून विभागाची सुरुवात २,०४८व्या सेक्टरवर सरकवली. दुसरी गोष्ट, पुसलेल्या फाइलींची जागा आता मोकळी आहे हे डिस्कला कळवणारी ट्रिम ही आज्ञा विंडोज ७ पासून आली. एक्सपीला ती ठाऊक नाही. त्यामुळे बरीच जागा रिकामी सोडली आणि फाइली सलग लावणारे डीफ्रॅगमेंटचे काम कायमचे बंद केले. एसएसडीला त्याचा उपयोग नाही, उगाच झीज होते.

मदरबोर्डवरचा साटा जोड जुन्या पिढीतला, सेकंदाला ३ गिगाबिटचा. एसएसडी त्याच्या दुप्पट वेगाची, पण ती निमूटपणे खालच्या वेगावर उतरते. अडीच इंची एसएसडी साडेतीन इंची खणात बसेना, तेव्हा पत्र्याची पट्टी लावून कसली. वायरी जोडल्या, बायोसमध्ये क्रम बदलला आणि बटण दाबले. आवाज शून्य. भाच्याने मोबाइलवर वेळ लावली होती : ४८ सेकंद. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजीच संपलेला आहे, म्हणून या संगणकाला इंटरनेट जोडायचे नाही असे आम्ही दोघांनी ठरवले.

६. अकरा फाइली

आनंद अर्धा दिवस टिकला. डिस्कवरच्या काही जागा शेवटपर्यंत वाचल्याच नव्हत्या आणि त्या जागांवर माझ्या अकरा फाइली होत्या. त्या उघडत, पण आत मध्येच रिकामे. त्यांपैकी आठांचे मूळ कागद मालकांकडे आहेत, पुन्हा जाऊन वाचता येतील. दोन किरकोळ याद्या होत्या. अकरावी फाइल मात्र एका विधवेच्या कागदाची होती. सावकाराकडे जमीन गहाण पडली तरी विहिरीच्या पाण्यातली आपली पाळी गहाणात येत नाही, असे तिने पंचांपुढे मांडले होते आणि पंचांनी ते मान्य केले होते. मूळ कागद ज्या घरात होता ते घर नंतर पाडले गेले आणि माळ्यावरचे सगळे रद्दीत गेले. मी कागदाचे छायाचित्र घेतले नव्हते. लिप्यंतर केले, संगणकात घातले, आता ते सुरक्षित आहे असे धरून चाललो होतो.

तीन दिवस शोधल्यावर २०० पानी वहीत पेन्सिलीने केलेला कच्चा मसुदा सापडला. तो अर्धाच आहे. तिचे म्हणणे आहे, पंचांचा निवाडा नाही. निवाडा मी वाचला होता एवढे मी सांगू शकतो, पण इतिहासात ते साधन होत नाही. असे आता कुठल्या लेखात लिहिता येणार नाही.

मला या वेळी वि. का. राजवाडे यांची आठवण होणे साहजिक होते. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' हे त्यांचे काम १८९८ साली सुरू झाले आणि २२ खंडांपर्यंत गेले. गावोगाव पायपीट करून मिळवलेला कागद त्यांनी नुसता जपला नाही, छापला. छापला म्हणजे त्याच्या शेकडो नकला शेकडो घरांत गेल्या. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन करणारे राजवाडे अखेरच्या काळात धुळ्याला होते. ३१ डिसेंबर १९२६ रोजी तिथेच त्यांचे निधन झाले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ धुळ्यात उभे राहिले. त्याच गावात शंकर श्रीकृष्ण देवांनी समर्थ संप्रदायाची हस्तलिखिते गोळा करून वाग्देवता मंदिर उभारले. आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर हा सगळा वारसा आहे आणि मी मात्र एका तबकडीवर विसंबून होतो.

७. खानदेशी उन्हाळा

आता एसएसडी आली म्हणजे काळजी मिटली काय? या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला जे कळले, ते वाचकांनी लक्षात ठेवावे अशी विनंती आहे. कुपीतली वीज कायमची राहत नाही. रोधक थरातून ती हळूहळू झिरपते आणि उष्णता वाढली की झिरपणे वाढते. या उद्योगाच्या जेडेक या प्रमाण संस्थेची घरगुती एसएसडीसाठीची अपेक्षा अशी आहे : ठरलेले आयुष्य वापरून संपलेली एसएसडी वीज न जोडता ३० अंश सेल्सियसला ठेवली तर तिने मजकूर एक वर्ष धरून ठेवावा. नवी एसएसडी याहून बरीच जास्त टिकते. पण आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि पत्र्याखालच्या कपाटात तर काय होत असेल ते वेगळे सांगायला नको. म्हणजे जी वस्तू जुन्या संगणकात रोजच्या कामाला उत्तम, तीच वस्तू मजकूर भरून वर्षानुवर्षे कपाटात ठेवायला बरी नाही. वेग आणि टिकाऊपणा हे दोन वेगळे गुण आहेत आणि मी ते एकच समजत होतो.

काजळ आणि डिंकाची शाई, बोरू, हातकागद आणि वर कापडाचा रुमाल. हे साधन वाळवीला आणि पाण्याला भिते, पण त्याला वीज लागत नाही आणि काजळ उडून जात नाही. सतराव्या-अठराव्या शतकातला कागद मी चष्मा लावून वाचू शकतो. २००९ सालची माझीच फाइल वाचायला मात्र मला एक डबी, एक फॉन्ट, एक जुनी प्रणाली आणि आता एक नवी एसएसडी लागते.

आमच्या गावातला भुईकोट किल्ला १७२७ साली हरी सदाशिव दामोदर यांनी बांधला असे सांगतात. १८५७ च्या उठावानंतर तो इंग्रजांच्या ताब्यात गेला. झाशीच्या राणीचे माहेर म्हणून गाव अभिमानाने सांगते. पण त्या काळातल्या साध्या माणसांचे काय राहिले असे विचारले, तर हाती येतात ते हेच कर्जरोखे आणि पाण्याच्या पाळ्या. ते कुठल्याही किल्ल्याच्या दफ्तरात नव्हते, घरांत होते.

पावसाळाभर मी एकच काम केले. जुन्या संगणकावर एकेक फाइल उघडायची, तिच्यातला मजकूर रूपांतर करणाऱ्या साधनातून युनिकोडमध्ये आणायचा, जोडाक्षरे आणि रफार तपासायचे, आणि मग तीन ठिकाणी ठेवायचे : एक प्रत फिरत्या डिस्कवर, ती भाच्याकडे जळगावला, एक प्रत इंटरनेटवरच्या साठवणीत, आणि तिसरी चांगल्या कागदावर छापून, दोऱ्याने शिवून. पूर्वी या संगणकावर दिवसाला दहा फाइली होत नसत, आता चाळीस होतात. एसएसडीचे देणे म्हणायचे तर हेच. तिने माझे कागद जपले नाहीत, पण ते बाहेर काढायला वेळ मिळवून दिला.

आज, हा लेख लिहीत असताना, १,३८९ पैकी १,१०० कागद झाले आहेत. त्या आठ मालकांपैकी पाच जणांकडे जाऊन आलो, या वेळी मोबाइलने प्रत्येक कागदाची दोन्ही बाजूंनी छायाचित्रे घेतली. शिवलेल्या प्रतींच्या गठ्ठ्यात सगळ्यांत वर त्या विधवेचा अर्धा कागद आहे. खाली मी पेनाने लिहिले आहे : पुढील भाग गहाळ, निवाडा बाईच्या बाजूने झाल्याचे स्मरते.